बॅकगॅमन शिकायचंय तर आधी ३६ मोजायला शिका

विश्रामबागच्या एका मुलाने विचारलंय. मामाने दुबईहून बॅकगॅमनचा सेट आणला, घरात सगळ्यांना लुडो येतो, बुद्धिबळही थोडंफार येतं, पण सेटसोबतचा कागद वाचून कुणाच्या काही डोक्यात शिरेना, आणि वडील म्हणतायत की फासे आले म्हणजे नशिबाचा खेळ, यात शिकायचं काय. नियम सांगा, सुरुवातीला कसं खेळायचं ते सांगा, आणि वडिलांना काय उत्तर देऊ तेही सांगा, असं त्याचं म्हणणं.

वडिलांचं आधी घेतो. सांगलीत फाशाच्या खेळाला डोक्याचा खेळ म्हटलं की लोक जरा संशयानेच बघतात आणि ते साहजिक आहे, कारण हे बुद्धिबळाचं गाव, भाऊसाहेब पडसलगीकरांनी इथे आयुष्यभर बुद्धिबळासाठी राबून पोरं-पोरी तयार केल्या, भाग्यश्री साठे-ठिपसे, स्वाती घाटे ही नावं इथल्या प्रत्येक खेळाडूला पाठ असतात. मीपण आधी बुद्धिबळच खेळायचो. पण जुनी इराणी आख्यायिका अशी आहे की हिंदुस्थानातल्या राजाने बुद्धिबळाचा पट कोडं म्हणून इराणच्या दरबारात पाठवला, तिथल्या बुझुर्गमेहर नावाच्या वजिराने तो उलगडला आणि उत्तर म्हणून नर्द हा फाशांचा खेळ इकडे पाठवला. ही नर्द आजच्या बॅकगॅमनच्या घराण्यातलीच. म्हणजे त्या काळच्या लोकांनी दोन्ही खेळ एकाच तोलाचे मानले होते. दुसरं म्हणजे नळराजाची गोष्ट वडिलांना नक्की माहीत असणार. द्यूतात राज्य घालवून नळ ऋतुपर्ण राजाचा सारथी होतो, वाटेत ऋतुपर्ण बेहड्याच्या झाडाकडे नुसतं बघून पानं-फळं किती ते सांगतो, नळ रथ थांबवून मोजतो तर आकडा बरोबर निघतो, आणि मग त्याच राजाकडून तो फाशांची विद्या शिकतो आणि पुढे राज्य परत जिंकतो. मोजणी आणि फासे एकाच माणसाकडून शिकायला मिळाले, हे मला या गोष्टीतलं सगळ्यात खरं वाटतं. दान काय पडेल ते आपल्या हातात नाही, पण दोन फाशांची मिळून ३६ दानं पडू शकतात, त्यातली किती दानं आपल्या कामाची असतील आणि किती समोरच्याच्या, हे आपण आपल्या चालीने ठरवतो. हा खेळ शिकणं म्हणजे मुख्यतः हेच शिकणं.

आता नियम. पटावर २४ त्रिकोण असतात, आपण त्यांना घरं म्हणू. प्रत्येकाला १५ सोंगट्या. घरांचे नंबर प्रत्येक खेळाडू आपापल्या बाजूने मोजतो, त्यामुळे माझं १ नंबरचं घर ते तुमचं २४ नंबरचं. तुमच्या जवळच्या कोपऱ्यातली १ ते ६ ही घरं तुमचं होम, आणि सगळ्या सोंगट्या मोठ्या नंबरावरून लहान नंबराकडे आणत होममध्ये जमवायच्या आणि मग बाहेर काढायच्या, ज्याच्या १५ आधी बाहेर तो जिंकला. समोरचा बरोबर उलट दिशेने येतो, म्हणून गर्दी होते आणि मजा येते. मांडणी अशी, तुमच्या २४ वर २ सोंगट्या, १३ वर ५, ८ वर ३ आणि ६ वर ५. समोरच्याचं त्याच्या मोजणीने तसंच. मांडून झाल्यावर दोन्ही बाजू एकमेकींचं प्रतिबिंब दिसल्या पाहिजेत, दिसल्या नाहीत तर काहीतरी चुकलंय.

सुरुवातीला दोघांनी एकेक फासा टाकायचा, ज्याचा मोठा त्याने पहिली चाल खेळायची आणि ती त्याच दोन आकड्यांनी, सारखे पडले तर परत टाकायचे. पुढे प्रत्येकजण आपल्या पाळीला दोन फासे टाकतो. ५ आणि ३ पडले तर एक सोंगटी ५ आणि दुसरी ३, किंवा एकच सोंगटी आधी ५ मग ३, पण मधलं पाऊलसुद्धा मोकळ्या घरात पडायला हवं, थेट ८ उडी नाही. मोकळं घर म्हणजे जिथे समोरच्याच्या दोन किंवा जास्त सोंगट्या नाहीत ते. दोन सोंगट्या बसल्या की ते घर बंद. तिथे एकटीच सोंगटी असेल तर तुम्ही तिच्यावर जाऊन तिला मारू शकता, मग ती मधल्या पट्टीवर म्हणजे बारवर जाते, आणि तिला तुमच्या होममधून, म्हणजे तिच्या दृष्टीने अगदी शेवटून, परत पटावर यावं लागतं. बारवर सोंगटी असेपर्यंत दुसरी कुठलीच सोंगटी हलवता येत नाही. दोन्ही फाशांवर सारखा आकडा आला तर तो आकडा चार वेळा खेळायचा.

इथे लुडोवाल्यांची गडबड होते म्हणून वेगळं सांगतो. ६ पडला म्हणून परत पाळी नाही, डबल पडलं म्हणूनही परत पाळी नाही, चार चाली मिळाल्या तेवढंच. सोंगटी सुरू करायला ६ लागत नाही. लुडोसारखं चांदणी असलेलं सुरक्षित घर नाही, सुरक्षित घर तुम्ही दोन सोंगट्या ठेवून स्वतः तयार करायचं. आणि शेवटी बाहेर पडायला तंतोतंत आकडा लागतो असंही नाही, ५ पडला आणि तुमची सगळ्यात मागची सोंगटी ४ वर असेल तर ती ५ ने बाहेर निघते. मात्र ५ वर काही नाही आणि ६ वर सोंगटी आहे, तर तो ५ तुम्हाला ६ वरूनच खेळावा लागतो, घरी खेळणारे इथे हमखास चुकतात. बाहेर काढायला सुरुवात सगळ्या १५ सोंगट्या होममध्ये आल्यावरच, आणि काढता काढता एखादी मारली गेली तर ती फिरून परत होममध्ये येईपर्यंत बाकीच्या थांबल्या. दोन्ही आकडे खेळता येत असतील तर दोन्ही खेळायलाच लागतात, दोन्हीपैकी कुठलातरी एकच खेळता येत असेल तर मोठा खेळायचा. फासे पटावर सपाट पडले पाहिजेत, तिरका राहिला तर दोन्ही परत टाका.

जिंकण्याचे तीन प्रकार आहेत. साधा विजय १ पॉइंट. समोरच्याची एकही सोंगटी बाहेर पडली नसेल तर गॅमन, २ पॉइंट. आणि त्यातही त्याची एखादी बारवर किंवा तुमच्या होममध्ये अडकलेली असेल तर बॅकगॅमन, ३ पॉइंट.

नियम इतकेच, आता खरा विषय. दोन फाशांची एकूण ३६ दानं. ३-१ आणि १-३ ही दोन दानं वेगळी धरायची, डबल एकेकदाच. एखादा ठरावीक आकडा, समजा ४, दोनपैकी निदान एका फाशावर येईल अशी दानं ११ असतात, १२ नाही, कारण ४-४ दोनदा मोजायचं नाही. आता तुमची एकटी सोंगटी समोरच्याच्या सोंगटीपासून किती घरं पुढे आहे त्यावर तिला किती दानांनी मार बसतो ते बघा. १ घरावर असेल तर ११, २ वर १२, ३ वर १४, ४ वर १५, ५ वरही १५, ६ वर १७. आणि ७ वर गेलात की एकदम ६. ८ वर ६, ९ वर ५, १० वर ३, ११ वर २, १२ वर ३. मध्ये तुमची बंद घरं असतील तर हे आकडे अजून कमी होतात. हा तक्ता पाठ करा, पाठ केल्याशिवाय खेळात मजा नाही. यातून दोन गोष्टी कळतात. सोंगटी एकटी सोडायचीच असेल तर ६ च्या पलीकडे सोडा, ६ वरून ७ वर सरकवली की १७ चे ६ होतात, म्हणजे एका घराने धोका जवळजवळ एक तृतीयांशावर आला. आणि ६ च्या आतच राहायची वेळ आली तर जवळ राहा, अगदी नाकासमोरची सोंगटी ५-६ घरांवरच्या सोंगटीपेक्षा कमी मार खाते. नवीन माणसाला हे उलटं वाटतं, तो घाबरून दूर जातो आणि नेमका ६ वर जाऊन बसतो.

मार बसण्याची शक्यता मोजली की दुसरा प्रश्न विचारायचा, मार बसला तर जातंय किती. २४ वरची सोंगटी २३ वर आली आणि तिथे मारली गेली तर फक्त २ ठिपक्यांचं, म्हणजे २ घरांच्या चालीचं नुकसान, कारण बार म्हणजे २५ वं ठिकाण धरायचं. पण तुमच्या ५ व्या घरात पोचलेली सोंगटी मारली गेली तर २० ठिपके गेले. त्यावर अजून एक हिशोब, परत आत कसं येणार. समोरच्याच्या होममध्ये त्याची किती घरं बंद आहेत त्याचा वर्ग करा, ३६ पैकी तेवढ्या दानांनी तुमची सोंगटी बाहेरच ताटकळते. एक घर बंद असेल तर १, दोन असतील तर ४, तीनला ९, चारला १६, पाचला २५, सहाही बंद असतील तर ३६, म्हणजे नुसतं बसून बघायचं. खेळाच्या सुरुवातीला त्याचं फक्त ६ नंबरचं घर बंद असतं, म्हणून सुरुवातीला धोका लई स्वस्त असतो. दहा-बारा चालींनंतर त्याची चार घरं बांधून झाली की तीच एकटी सोंगटी भयंकर महाग पडते. आपल्याकडे माणसं बरोबर उलटं करतात, सुरुवातीला जपून जपून जोड्या सांभाळतात, आणि पुढे सगळं आवळलं गेल्यावर नाइलाजाने सोंगट्या उघड्या टाकतात. धोका घ्यायचाच आहे तर लवकर घ्या.

धोका कशासाठी घ्यायचा तर घरं बांधण्यासाठी. लुडो खेळलेल्या माणसाचा हात आपोआप सोंगटी पळवायला जातो, एकच सोंगटी दुडुदुडु पुढे. इथे सोंगट्या पळवण्यापेक्षा सलग बंद घरं उभी करणं जास्त मोलाचं. सलग सहा घरं बंद केली तर त्याला प्राइम म्हणतात आणि तिच्यापलीकडे कुठल्याच दानाने जाता येत नाही. पाच घरांची भिंत असेल आणि समोरची सोंगटी अगदी भिंतीला टेकून उभी असेल तरी तिला फक्त ६ ने उडी मारता येते, म्हणजे ३६ पैकी ११ दानं. सगळ्यात मोलाचं घर ५ नंबरचं, मग ४ आणि ७. समोरच्याच्या होममध्येही एक घर धरून ठेवायचं असतं, त्याला अँकर म्हणतात, आणि त्याच्या ५ किंवा ४ नंबरच्या घरात तुमचा अँकर बसला की तुम्हाला कधीच पूर्ण कोंडता येत नाही, मग बाकी पटावर तुम्ही मोकळेपणाने खेळू शकता. १ आणि २ नंबरच्या घरात सुरुवातीलाच सोंगट्या कोंबू नका, तिथे गेलेली सोंगटी बाहेर पडेपर्यंत कुणालाच अडवत नाही.

पहिल्या चालीच्या १५ शक्यता आहेत, डबल पहिल्या चालीला येऊच शकत नाही म्हणून. त्यातल्या पाच आधी शिका. ३-१ पडलं तर ८ वरून एक आणि ६ वरून एक आणून ५ नंबरचं घर बांधा, सुरुवातीचं सगळ्यात छान दान हेच. ४-२ ला तसंच ८ आणि ६ वरून ४ नंबरचं. ६-१ ला १३ आणि ८ वरून ७ नंबरचं. ५-३ ला ८ आणि ६ वरून ३ नंबरचं. ६-५ ला २४ वरची एक सोंगटी थेट १३ वर न्या, तिथे आपल्या पाच असतात, सुखरूप पोचते. बाकी दानांना ढोबळमानाने १३ वरून एखादी खाली आणायची आणि मागच्या, म्हणजे २४ वरच्या, दोनपैकी एक थोडी हलवायची. २-१ ला मात्र दोन मतं आहेत आणि ती कशी आली ते सांगण्यासारखं आहे. पूर्वी मोठे खेळाडू १३ वरून ११ आणि ६ वरून ५ अशी एकटी सोंगटी ५ व्या घरात ठेवायचे. ती समोरच्याच्या मागच्या सोंगट्यांपासून ४ घरांवर, म्हणजे १५ दानांनी मार, पण वाचली तर पुढच्या पाळीला ५ नंबरचं घर पक्कं. १९९२ मध्ये आयबीएममधल्या गेराल्ड टेसॉरोंनी टीडी-गॅमन नावाचा प्रोग्रॅम केला, तो स्वतःशीच लाखो डाव खेळून शिकला, आणि त्याने १३ वरून ११ आणि २४ वरून २३ ही चाल पसंत केली. खेळाडूंनी तपासून बघितली आणि २-१, ४-१, ५-१ या दानांना मागची सोंगटी सरकवायची पद्धत रूढ झाली. आज २-१ ला दोन्ही चाली चालतात, ४-१ आणि ५-१ ला मात्र मागची सोंगटीच हलवा.

वडिलांसाठी अजून एक, १९७९ मध्ये माँटे कार्लोला हान्स बर्लिनर यांच्या बीकेजी ९.८ या प्रोग्रॅमने तेव्हाचा विश्वविजेता लुइजी व्हिला याला ७-१ ने हरवलं. फासे प्रोग्रॅमला चांगले पडले होते हे बर्लिनरनी स्वतःच मान्य केलं होतं. म्हणजे छोट्या सामन्यात नशीब चालतं, हे वडिलांचं म्हणणं तेवढ्यापुरतं खरं आहे. पण जसजसे डाव वाढतात तसतसं दोघांनाही सारखंच नशीब मिळत जातं आणि उरतो तो चालींमधला फरक.

मधल्या खेळात कायम एक बघत राहायचं, शर्यतीत पुढे कोण. प्रत्येक सोंगटी गुणिले तिच्या घराचा नंबर, अशी बेरीज करायची, सुरुवातीला दोघांचीही १६७ येते. एका दानाला सरासरी ८ च्या थोडं वर ठिपके मिळतात. तुमची बेरीज कमी, म्हणजे तुम्ही पुढे असाल तर मागच्या सोंगट्या सोडवून निघायचं बघा, टक्कर संपली, म्हणजे दोघांच्या सोंगट्या एकमेकींना ओलांडून गेल्या, की पुढचा माणूस खुशीत. तुम्ही मागे असाल तर अँकर सोडू नका, टक्कर चालू ठेवा, कधीतरी त्याला सोंगटी उघडी टाकावीच लागते. बुद्धिबळ खेळणारे इथे पटकन तयार होतात कारण त्यांना डावाचं रूप बघायची सवय असते, पण त्यांचा त्रास वेगळाच, त्यांना पुढच्या पाच चाली पक्क्या हव्या असतात. इथे पुढची चाल पक्की नसते, म्हणून अशी जागा निवडायची की जास्तीत जास्त दानं आपल्याला चांगली पडतील.

शेवटी सोंगट्या बाहेर काढताना समोरच्याची सोंगटी अजून तुमच्या होममध्ये किंवा बारवर असेल तर ६ नंबरचं घर आधी रिकामं करा, मग ५, मागून पुढे, आणि सगळ्यात मागच्या दोन घरांत सोंगट्या सम संख्येत ठेवायचा प्रयत्न करा, विषम झाल्या की एखादी उघडी पडायची भीती. टक्कर संपली असेल तर काढता येते ती काढा, नाही निघाली तर रिकामं घर भरा, एवढं बास.

सेटमध्ये २, ४, ८, १६, ३२, ६४ लिहिलेला मोठा फासा आहे ना, तो टाकायचा नसतो, तो डबलिंग क्यूब. हा १९२० च्या दशकात न्यूयॉर्कच्या क्लबांमध्ये आला आणि खेळ पार बदलला. आपल्या पाळीला फासे टाकायच्या आधी तुम्ही म्हणू शकता की हा डाव दुप्पट. समोरच्याने नाही म्हटलं तर डाव तिथेच संपला, तो १ पॉइंट हरला. हो म्हटलं तर डाव २ चा, क्यूब त्याच्याकडे, आणि पुढची दुप्पट करायचा हक्क फक्त त्याचा. हो कधी म्हणायचं? समजा अशीच अवस्था चार वेळा आली. चारही वेळा सोडलं तर ४ पॉइंट गेले. चारही वेळा हो म्हटलं आणि त्यातला एक जिंकला तर २ आले, तीन हरलात तर ६ गेले, एकूण तेच ४. म्हणजे चारात एक डाव जिंकायची आशा असेल तर हो म्हणणं तोट्याचं नाही. गॅमनची भीती असेल तर जरा कडक राहा. नुसती शर्यत उरली असेल तर पुढच्याची बेरीज घ्या, समोरचा तिच्या ८ टक्क्यांनी मागे असेल तर दुप्पट करा, आणि १२ टक्क्यांपर्यंत मागे असलेल्याने हो म्हणावं. पण हे सगळं दोन-तीन आठवड्यांनी, तोपर्यंत क्यूब डब्यात राहू दे. आणि घरात पैसे लावू नका, क्यूबला पॉइंट पुरतात, लहान मुलंही सोबत बसू शकतात.

तुमच्याकडे सेट आहे, पण मित्रांना खेळायचं असेल तर विकत घ्यायची गरज नाही. कॅरमच्या दोन संचांत पांढऱ्या १८ आणि काळ्या १८ सोंगट्या निघतात, आपल्याला १५-१५ पुरे. मोठ्या पुठ्ठ्यावर २४ त्रिकोण आखा, पाया कॅरमच्या सोंगटीपेक्षा जरा रुंद, लांबी पाच सोंगट्या मावतील एवढी, मध्ये बारची पट्टी, लुडोचे दोन फासे, झालं. एकट्याने सरावाला जीएनयू बॅकगॅमन फुकट आहे, डाव संपल्यावर तो प्रत्येक चाल तपासून कुठे किती चुकलं ते सांगतो. हरलेला डाव तपासाच पण जिंकलेलाही तपासा, चांगल्या दानांनी झाकलेल्या चुका तिथेच सापडतात.

वडिलांबरोबर सुट्टे डाव खेळू नका, ५ पॉइंटची मॅच ठेवा, आणि क्यूब वापरायला लागलात की क्रॉफर्डचा नियम पाळा, म्हणजे कुणीतरी पहिल्यांदा ४ वर पोचला की त्यानंतरचा एक डाव क्यूब बंद, त्याच्या पुढच्या डावांत परत चालू. पहिल्या काही मॅचना तो मार बसण्याचा तक्ता कागदावर लिहून पटाशेजारी ठेवा, वडिलांनाही बघू द्या, आणि सोंगटी उघडी टाकण्याआधी दोघांनीही आकडा मोठ्याने म्हणायचा.